दासरी मॅडम आणि चौदा गाठी

दासरी मॅडमच्या खोलीत ‘गाठ’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. आता आमची खोली म्हणजे हॉस्पिटलची पॅथॉलॉजी लॅब. सर्जननी काढलेल्या गाठी दिवसभर बरण्यांतून आणि पिशव्यांतून आमच्याकडेच यायच्या, आणि त्या कॅन्सरच्या की साध्या हे सांगण्याचाच आम्हाला पगार मिळायचा. अशा ठिकाणी गाठ म्हणायचं नाही, म्हणजे हलवायानं साखर म्हणायचं नाही. नवी डॉक्टर मुलं यायची ती पहिल्या दिवशी हसायची. मग कुणाच्या तरी तोंडून शब्द निसटायचा. मॅडम मायक्रोस्कोपवरून मान वर करायच्या आणि चष्म्याच्या वरून त्या मुलाकडे नुसत्या बघत राहायच्या. तेवढं पुरायचं.

स्तनातली असेल तर ट्यूमर म्हणा, काखेतली असेल तर नाका म्हणा, इंग्रजीत तुम्हाला हवं ते बोला. मराठीत गाठ म्हणायचं नाही, असा नियम होता. तो कशापायी आला हे त्या मुलांना ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण ते सगळं माझ्यादेखत घडलं. आता मॅडम सोलापुरात नाहीत, म्हणून मी बिनधास्त गाठ लिहितेय.

मी त्यांची टेक्निशियन. त्यांनी निवडून दिलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, त्या ठोकळ्याचे कागदाहून पातळ काप घ्यायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे, हे माझं काम. काचेवर काय दिसतं ते त्या सांगायच्या. मॅडम बुटक्या, सावळ्या, केसांत बारा महिने मोगऱ्याचा नाहीतर अबोलीचा गजरा. गजरा आणि फॉर्मॅलिन यांचा मिळून एक वास होतो, तो मला अजूनही कुठे आला तर मी चटकन पाठ सरळ करून बसते.

त्यांचा आवाज दणदणीत होता. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू विणकरांच्या घरात जन्म, घरातच माग, त्यामुळे खडखडाटावर आवाज चढवून बोलायची लहानपणापासूनची सवय. लॅबमध्ये बसून त्यांनी चहा मागितला की कँटीनमध्ये ऐकू जायचं, असं आम्ही म्हणायचो. त्या ओरडायला लागल्या की कुणी घाबरत नसे. मॅडमचा आवाज खाली आला की मात्र आम्ही हातातलं काम थांबवायचो. याचा अर्थ काचेवर काहीतरी वाईट होतं.

त्यांचे वडील चादर बाजारात पाठवण्याआधी डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायचे. सूत तुटलं की विणकर गाठ मारतो. चांगली गाठ हाताला लागत नाही, वाईट गाठ लागते. ती सवय मॅडमनी उचलली. माझ्या भाचीच्या लग्नाला द्यायला चादरी घ्यायच्या होत्या तेव्हा त्या हौसेनं माझ्याबरोबर दुकानात आल्या. मालकानं समोर ढीग टाकला आणि बाईंनी डोळे मिटून एकेका चादरीवरून हात फिरवायला सुरुवात केली. हात थांबला की ‘मुडी’ म्हणायच्या आणि चादर बाजूला. मुडी म्हणजे तेलुगूत सुताची गाठ. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं. शेवटी मालक म्हणाला, “ताई, पांघरायची आहे का ऑपरेशन करायचंय?” मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या, “थांबा हो, अजून अर्धा ढीग बाकी आहे.”

हीच बोटं त्या टेबलावर वापरायच्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं तेव्हा काखेतली चरबीही काढून आमच्याकडे पाठवतात. त्या पिवळ्या चरबीत लहान लहान गाठी दडलेल्या असतात, कुठे ज्वारीच्या दाण्याएवढी, कुठे वाटाण्याएवढी. त्या रोगाच्या गाठी नव्हेत. त्या आपल्या सगळ्यांच्या अंगात जन्मापासून असतात. रक्तवाहिन्यांच्या जोडीनं शरीरात पाण्यासारखा रस वाहून नेणाऱ्या नाजूक नळ्यांचं एक जाळं असतं, पुस्तकात त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. त्या नळ्या या गाठींतून जातात, आणि रसाबरोबर काही वाईट आलं तर गाठी ते अडवून धरतात. कॅन्सर स्तनातून बाहेर पडला का, हे बघायचं तर काखेतली प्रत्येक गाठ शोधून कापून बघावी लागते. जितक्या जास्त गाठी सापडतील तितका रिपोर्ट भरवशाचा. कमी सापडल्या की मॅडमना डब्यातली भाकरी गोड लागायची नाही. भरपूर सापडल्या की त्या लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या. पुढचा सगळा घोळ त्या खुशीनं केला.

आणखी एक सवय सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एक तरुण सर्जन एकदा घाईघाईनं आत आला. त्याच्या पेशंटचे नातेवाईक बाहेर बसले होते आणि त्याला एका शब्दात उत्तर हवं होतं, पसरलाय की नाही. मॅडम म्हणाल्या, दिसला नाही. तो म्हणाला, म्हणजे नाही असं सांगतो. मॅडमनी त्याचा ॲप्रन धरून त्याला खुर्चीवर बसवलं. “नाही वेगळं आणि दिसलं नाही वेगळं. मी देव असते तर नाही म्हटलं असतं. मी काचा बघते.” तो बाहेर जाऊन नातेवाइकांना काय म्हणाला कोण जाणे, पण त्यानंतर आमच्या लॅबमध्ये हे वाक्य जो तो वापरायला लागला. कुणाचा पेन हरवला तरी.

इंदुबाई मंगळवेढ्याकडच्या. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं आणि तिचा नवरा बिराप्पा रिपोर्टसाठी थेट लॅबबाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. रिपोर्ट वॉर्डात जातो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खांद्यावर घोंगडी, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर आमच्या दारावर. मी येता-जाता त्याला बघत होते.

आत मॅडम चरबीत बोटं घालून बसल्या होत्या आणि त्यांना एकामागून एक गाठी लागत होत्या. चौदा निघाल्या. अजून एकही कापून बघितली नव्हती, पण मॅडम खुशीत हातमोजे काढत दाराबाहेर आल्या. बाकावरच्या माणसाला बघून विचारलं, कोणाचे? त्यानं नाव सांगितलं. आणि मॅडम त्यांच्या त्या मागावरच्या आवाजात म्हणाल्या, “काळजी करू नका. चौदा गाठी सापडल्या. छान मिळाल्या!”

बिराप्पा उठून उभा राहिला. त्यानं हात जोडले, घोंगडी सावरली आणि गेला. आम्हाला वाटलं, माणूस निवांत झाला.

पुढचे काही दिवस मॅडमचा आवाज खाली होता. चौदाही गाठी मी कापल्या, रंगवल्या, आणि चौदाही स्वच्छ होत्या. पण ट्यूमरच्या कडेला एका बारीक पोकळीत पेशींचा छोटा पुंजका बसला होता. आता फॉर्मॅलिनमध्ये तुकडा आकसला की पेशींभोवती नुसती फटही पडते, आणि ती थेट नळीसारखी दिसते. फट असेल तर काही नाही. नळी असेल तर पेशी घराबाहेर पडून वाटेला लागल्या होत्या. मॅडम ती काच काढायच्या, दुसरं काम करायच्या, पुन्हा ती काच लावायच्या. मला बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. मी म्हटलं, मॅडम, मी काय सांगणार. “मलाही सांगता येत नाही, म्हणून तर बोलावलं,” त्या पुटपुटल्या.

शेवटी ठोकळा पुण्याला पाठवला. तिथे एक खास रंग लावतात, तो फक्त त्या रसाच्या नळ्यांच्या भिंतींना चढतो. काच परत आली तेव्हा मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहून बघायला लागल्या. पोकळीभोवती तपकिरी रेघ होती. ती नळीच होती. आणि एकच नव्हती. ट्यूमरच्या कडेनं तशा नळ्यांची दाटी झाली होती, असायला हव्यात त्याहून कितीतरी जास्त. मॅडमनी मला समजावलं ते असं, की काही ट्यूमर आहे त्या वाटेनं जात नाहीत. ते असं काहीतरी पाझरतात की आसपासच्या नळ्यांना फांद्या फुटतात आणि त्या फांद्या ट्यूमरकडे वाढत येतात. म्हणजे पळून जायच्या वाटा ते स्वतःच करून घेतात. पेशी वाटेवर दिसल्या होत्या, काखेत पोचलेल्या दिसल्या नव्हत्या. केमो लवकर सुरू केली तर बाई वाचायची आशा चांगली होती. ‘लवकर’ हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

आणि इंदुबाई येईना. सर्जनच्या ओपीडीत तिची तारीख टळून गेली होती. बिराप्पाचा फोन बंद. सर्जनच्या माणसानं गावच्या आशाताईंना गाठलं आणि त्यांचा निरोप थेट लॅबमध्ये आला, तोही स्पीकरवर. आशाताई म्हणत होत्या, “टाके हितंच काढून घेतले त्यांनी. येनार न्हाईत त्या. तिकडच्या मोठ्या बाईंनीच सांगितलंय म्हनं, चौदा गाठी निघाल्या. एकीनं एवढं केलं, चौदा म्हटल्यावर काय राह्यलं, असं म्हनत्यात.”

मॅडम खुर्चीत बसल्या, गजऱ्याला हात लावला आणि तिथेच धरून राहिल्या. मग इतक्या हळू म्हणाल्या की मला वाकून ऐकावं लागलं. “तेलुगूत दोन शब्द आहेत गं गायकवाड. सुताची मुडी, रोगाची गड्डा. मराठीत दोन्हीला गाठ, काखेतल्या दाण्यालाही गाठ. आणि मी वर छान म्हटलं.”

आशाताईंना फोनवर सांगा, असं सगळे म्हणाले. मॅडमनी ऐकलं नाही. माझ्या तोंडून गेलेलं आहे, दुसऱ्याच्या तोंडून परत येणार नाही, एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघी मंगळवेढ्याच्या एसटीत बसलो. सगळ्या रस्त्यात त्या माझ्याशी एकच गोष्ट बोलल्या, ती अशी: आधी चांगलं सांगितलं, की चौदाही स्वच्छ आहेत, तर बाई सुटकेचा श्वास टाकून मेंढरांमागे जाईल आणि परत येणार नाही. आधी वाईट सांगितलं, की नळीत पेशी आहेत, तर तिला ती पंधरावी गाठ वाटेल आणि ती तरीही येणार नाही. “कुठून सुरू करू?” मी खिडकीबाहेर बघत बसले.

गावात घर बंद होतं. ज्वारीची काढणी झाली होती आणि बिराप्पानं खतासाठी मेंढरं कुणाच्या तरी रानात बसवली होती. कुणाच्या, हे प्रत्येक जण वेगळं सांगत होता. काळ्या रानातल्या भेगांतून आणि खुंटांतून मॅडम चपला अडकवत चालल्या होत्या. त्यांना घाम फुटला होता आणि मला भलतीच भीती, की आपण पोचेपर्यंत कळप पुढे निघून जाईल. शेवटी एका बांधापलीकडे मेंढरं दिसली. वाघूर, म्हणजे मेंढरांना रात्री कोंडायचं जाळं, पसरून इंदुबाई एका हातानं त्याची तुटलेली दोरी जोडत बसली होती. डावा हात मांडीवर तसाच ठेवलेला.

बिराप्पानं मॅडमना ओळखलं आणि आडवा आला. रागानं नाही, पण आला. “आता काय ऱ्हायलं सांगायचं, बाई?”

मॅडम खाली ढेकळावर बसल्या. चूक झाली म्हणाल्या. त्या गाठी रोगाच्या नव्हत्याच, प्रत्येकाच्या अंगात असतात. बिराप्पानं मान हलवली. “तवा छान सापडल्या म्हनलासा. आता नव्हत्याच म्हनता. उद्या काय म्हनाल?”

मला वाटलं, संपलं, आता उठून परत जायचं. मग त्यांनी एकदम विचारलं, “मेंढरू कापल्यावर मानेपाशी, पायाच्या फऱ्यापाशी चरबीत वाटाण्याएवढं काहीतरी लागतं. बघितलंय?”

बिराप्पा म्हणाला, “ते व्हय. असतंय की. काढून टाकतो आमी.”

“आजारी मेंढराला असतं का?”

“समद्यास्नीच असतंय.”

“तेच. तेच मी मोजले. चौदा.”

बिराप्पा हळूच वाकून बसला. इंदुबाईनं दोरी सोडली नव्हती, पण तिचा हात थांबला होता. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मंग ते गाठ कशाला म्हनायचं त्याला?”

मॅडम म्हणाल्या, नको म्हणूया. नाका म्हणूया. येणारं-जाणारं तिथं अडवतात, तपासतात. तुमचे चौदाही नाके बघितले. तिथं काही दिसलं नाही.

“म्हंजी न्हाई?”

मॅडमना हो म्हणता आलं असतं. त्या बाईच्या तोंडावर जे उमटायला लागलं होतं ते बघून मी तर म्हटलंच असतं. मॅडमचा आवाज खाली आला. “नाही असं मला म्हणता येत नाही. दिसलं नाही. पण नाक्याच्या अलीकडे, वाटेवर, रोगाच्या दोन-चार पेशी दिसल्या. आणि वाटा पुष्कळ आहेत. आधी नव्हत्या, त्या स्तनातल्या गाठीनंच करून घेतल्यात.”

इंदुबाई रानाकडे बघत होती. बांधावरून मेंढरांच्या पायांनी पडलेली एक पांढुरकी रेघ पलीकडे गेली होती. “वाट आपसूक पडत न्हाई,” ती म्हणाली. “चालनारं असंल तर पडती.” मग मांडीवरच्या वाघुरीचं भोक बोटांनी फाकवून धरत तिनं विचारलं, “भाईर पडल्यात त्या घावतील का?”

“औषध सगळ्या रानभर हिंडेल. लवकर सुरू केलं तर घावतील, असं मला वाटतं. वाटतं म्हणतेय, इंदुबाई. शब्द देत नाही.”

ती पुन्हा दोरी जोडायला लागली. सोमवारी या, एवढं सांगून आम्ही निघालो. बिराप्पा बांधापर्यंत पोचवायला आला आणि परत फिरला. एसटीत मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. मला राग आला होता. म्हटलं, थोडं गोड बोलला असता तर ती आली असती. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, गोड बोलूनच तर ती गेली होती.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. मॅडम काचा बघायच्या, पण दाराचा आवाज झाला की मान वर. गजरा घालायचा विसरल्या होत्या. ते बघून मला माझ्या रागाची लाज वाटायला लागली. त्या आठवड्यात त्यांनी एकदाही मोठ्यानं चहा मागितला नाही, आणि कँटीनच्या पोऱ्यानं येऊन विचारलं, मॅडम रजेवर आहेत का?

मग एका सकाळी मी येऊन बघते तर बाकावर दोघं. बिराप्पा तसाच, हात गुडघ्यांवर. शेजारी इंदुबाई, डोक्यावर पदर, पायाशी पिशवी. ओपीडी कुठे, केमोचा वॉर्ड कुठे, काही न विचारता ते सरळ आमच्याच दाराशी येऊन बसले होते. मी धावत आत गेले. मॅडमनी दाराच्या काचेतून बघितलं, खूप वेळ बघितलं. मी म्हटलं, चला ना बाहेर. त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते. “मी बाहेर गेले की काहीतरी बोलेन. तू ने त्यांना वर.” आणि त्या टेबलाकडे वळल्या, हातमोजे चढवले, समोरच्या चरबीत बोटं घातली.

बंदी त्याच दिवशी लागू झाली.

इंदुबाईनं केमो पुरी केली. केस गेले, उलट्या झाल्या, एकदा मध्येच घरी निघून जाते म्हणाली, गेली नाही. नंतर ती तपासण्यांना येत राहिली. डावा हात थोडा सुजायचा, कारण काखेतले नाके काढले की रसाला वाट राहत नाही. दर वेळी ती ओपीडीतून आमच्या दाराशी यायची आणि मॅडम सांगायच्या, आज काही दिसलं नाही. बरी झालीस, असं त्यांनी तिला कधीच म्हटलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही. ते ऐकताना मी दर वेळी दुसरीकडे बघायचे. त्या दोघींना मात्र सवय झाली होती.

मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे हैदराबादला निघाल्या त्या दिवशी हॉस्पिटलनं त्यांना शाल, नारळ दिला, भाषणं झाली. सगळं आटोपून आम्ही रिक्षापाशी आलो तर इंदुबाई फाटकात उभी. तिला कुणी कळवलं होतं कोण जाणे. तिनं पिशवीतून नवी काळी घोंगडी काढली, आमच्याच मेंढरांची लोकर हाय म्हणाली, आणि मॅडमच्या हातात ठेवली.

मॅडम रिक्षात बसल्या. घोंगडी मांडीवर उलगडली, डोळे मिटले आणि सवयीनं तळहात फिरवायला लागल्या. रिक्षावाला मागे वळून बघत होता. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. मॅडमनी डोळे उघडले आणि इंदुबाईकडे बघितलं.

इंदुबाई रिक्षात वाकली, मॅडमच्या बोटाखाली बोट घालून तिनं ती जागा चाचपली.

“गाठ न्हाई मॅडम ती,” ती म्हणाली. “नाका हाय.”

मॅडम हसल्या ते फाटकापासून कँटीनपर्यंत ऐकू गेलं. रिक्षा सुरू झाली. वळेपर्यंत मला मागच्या फटीतून त्यांचा हात दिसत होता, त्याच जागेवर ठेवलेला.